लोखंड ऊटीला जातं

मी सोलापूरची. त्यामुळे पुण्याच्या मुख्य कचेरीतून चेन्नईच्या कारखान्यात बदली झाली आणि ज्याने त्याने मला उन्हाची भीती घालायला सुरुवात केली, तेव्हा मी सगळ्यांना उडवून लावलं. आमच्याकडे एप्रिलमध्ये चपलेला डांबर लागतं, दुपारी रस्त्यावर कुत्रं फिरकत नाही, आणि तरी संध्याकाळी माणसं अंगणात पाणी मारून, कांदा फोडून मजेत जेवतात. ऊन हा सोलापूरकर घरचाच विषय समजतो. "तुम्हा पुणेकरांना अडतीस झालं की पेपरात बातमी येते," असं सुनावून मी सामान बांधलं. चेन्नईत उतरून टॅक्सी मिळेपर्यंत माझा कुडता पाठीला चिकटला. तो अजून सुटलेला नाही.

सोलापूरचं ऊन डोक्यावर येतं आणि सावलीत गेलं की मागे फिरतं. इथे सावलीलाच घाम आलेला असतो. तो येतो, पण वाळत नाही. पंखा लावला तर तीच ओली हवा फिरून तोंडावर येते. वेस्ट मांबलमच्या माझ्या फ्लॅटमध्ये सकाळी आंघोळ करून आले की अंग पुसणं नेमकं कधी थांबवायचं हे मला कळत नाही. तमिळमध्ये या उकाड्याला 'पुळुक्कम' म्हणतात. मे महिन्यात तर 'कत्तिरी' नावाचे खास दिवस असतात, पंचांगात छापलेले. त्या दिवसांत इथली माणसं नव्या घरात राहायला जात नाहीत, मोठं काम काढत नाहीत. आमची कंपनी मात्र नेमकी तेव्हाच उत्पादन वाढवायची, कारण तिचं पंचांग पुण्याहून यायचं.

कारखाना तांबरमच्या पुढे. मी मांबलमहून लोकलने तांबरमला जाते आणि तिथून कंपनीच्या बसने. आम्ही गाड्यांच्या ब्रेकला लागणारा एक लोखंडी भाग बनवतो. हाताच्या पंजाएवढा असतो, त्याला चार भोकं असतात आणि प्रत्येक भोकात आटे पाडलेले असतात, म्हणजे बोल्ट फिरवून बसतो. मी क्वालिटी विभागात. झालेल्या चुका मोजायच्या आणि त्यांना इंग्रजीत बारशाची नावं द्यायची, हे माझं काम. शेडला पत्र्याचं छप्पर आहे, खाली यंत्रांची धग आहे, आणि छपराखाली जमलेली गरम हवा खाली आणून सगळ्यांना सारखी वाटायला पंखे आहेत.

एसी तीनच ठिकाणी. मीटिंगची खोली, प्लांटच्या मुख्य साहेबांची केबिन आणि मोजमापाची खोली. या तिसऱ्या खोलीचा थाट काही औरच. तिथे वर्षभर वीस अंश, ना कमी ना जास्त. कारण लोखंड तापलं की फुगतं. केसाएवढंही फुगत नाही, पण फुगतं, आणि मग मापं खोटी येतात. म्हणून शेडमधून आलेला पीस लगेच मोजायचा नसतो. त्याला आत नेऊन फळीवर ठेवायचं, काही तास स्वस्थ पडू द्यायचं आणि तो पुरता निवला की मगच हात लावायचा. दारावर पाटी आहे, 'कामाशिवाय आत येऊ नये'. कामगार त्या खोलीला ऊटी म्हणतात. सकाळचे पीस कुठे आहेत असं विचारलं की उत्तर येतं, "ऊटीला गेलेत."

थोडक्यात, आमच्याकडे उन्हाळ्यात लोखंड ऊटीला जातं आणि त्याला तपासणारी माणसं पत्र्याखाली बसतात. तापलेलं लोखंड खोटं बोलतं हे आम्हाला मान्य आहे, त्यासाठी आम्ही बारा महिने विजेचं बिल भरतो. तापलेल्या डोक्याबद्दल आमच्या जाडजूड नियमपुस्तकात एक ओळ नाही.

शेडच्या अगदी टोकाला, जिथून माल पॅकिंगला जातो, तिथे अक्काचं टेबल आहे. अक्का माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी. सगळा कारखाना तिला अक्काच म्हणतो. ती शेवटची तपासणी करते. एकेक पीस हातात घ्यायचा, ट्यूबलाइटखाली फिरवायचा, चारही भोकांत आटे आहेत ना ते बघायचं, कुठे तडा गेलाय का ते बघायचं. चांगला असला तर हिरव्या ट्रेमध्ये, नसला तर लाल ट्रेमध्ये. दिवसभर हेच. अक्काने सोडलेला पीस थेट गाडीच्या कंपनीत जातो आणि तिथून रस्त्यावर, म्हणजे ब्रेक दाबणाऱ्या माणसाचा जीव तिच्या डोळ्यांवर अवलंबून.

तिची माझी ओळख झाली ती सांबारावरून. कारखान्यात नवीन असताना मी एकदा फोनवर आईशी बोलत होते आणि कँटीनच्या सांबाराला मनसोक्त शिव्या घालत होते. आजूबाजूला सगळे तमिळ, कोणाला काय कळतंय, अशा भरवशावर. तेवढ्यात मागून आवाज आला, "सांबाराला नांवें ठेवूं नका, मा. मज समजतें. सांबार आमचेंच."

अक्का तंजावरची मराठी निघाली; सांबार तिथल्या मराठी राजांच्या मुदपाकखान्यात जन्मलं असं म्हणतात. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलुखात राहिलेलं, आणि घरात बोलली जाणारी मराठी तशीच जपलेली, वर तमिळ हेल चढलेला आणि बोलताना मायेने जोडलेलं तमिळ 'मा'. तिच्या मते मी बोलते ती मराठी 'घाईची' आहे. पहिल्या महिन्यातच तिने माझे दोन-चार शब्द दुरुस्त केले आणि मी मुकाट्याने करून घेतले. भाषेच्या बाबतीत अक्का फार गर्विष्ठ आहे, आणि बाकीच्या बाबतीतही कमी नाही.

एका गोष्टीत मात्र तिचा गर्व गिळलेला होता. ती कित्येक वर्षं कंत्राटावर होती. कंत्राटी माणसांना करडा कोट, कायम माणसांना निळा. निळ्या कोटवाल्यांना तांबरमहून एसी बस, करड्यांना शेअर ऑटो आणि पुढे हायवेपासून चालत. रोज सकाळी माझी बस स्टँडवरून वळायची तेव्हा अक्का ऑटोच्या रांगेत उभी असायची. ती कधीही बसकडे बघायची नाही. बघायची नाही, हे मी रोज बघायची, आणि मला त्या गार काचेमागे बसल्याची लाज वाटायची.

गेल्या वर्षी प्लांटच्या साहेबांनी तिला शब्द दिला. एप्रिल ते जून या तिमाहीत तिच्या टेबलावरून एकही खराब पीस बाहेर गेला नाही, तर जुलैत निळा कोट. अक्काने ही बातमी कँटीनपासून गेटपर्यंत सगळ्यांना सांगितली. कोटाला आतून एक खिसा शिवून घ्यायचा, हेही ठरवून टाकलं. तिमाही कोणती निवडली आहे याकडे तिचं लक्ष नव्हतं. माझं होतं. वर्षात आणखी तीन तिमाह्या होत्या, पण साहेबांना परीक्षा घ्यायला नेमकी कत्तिरी सापडली.

आता उन्हाने डोक्याचं काय होतं ते सांगते, कारण ऊटीवाल्या लोकांना ते ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, माणूस थकतो. थकणं वेगळं. थकलेला माणूस निदान बसतो. तापलेला माणूस काम करत राहतो. दुपारच्या जेवणानंतर माझं डोकं गल्ल्याला कुलूप लावून निघून जायचं आणि मी रिकाम्या दुकानात उभी राहून गिऱ्हाईक करत राहायची. एकच मेल मी चार वेळा वाचायची आणि चारही वेळा शेवटच्या ओळीपर्यंत पोचून पहिली विसरलेली असायची. लहान आकड्यातून मोठा वजा करून उत्तर का जमत नाही म्हणून चिडायची. एकदा स्टोअरच्या माणसाशी मी घसा कोरडा पडेपर्यंत भांडले. भांडण संपल्यावर आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की आमचं म्हणणं एकच होतं. एका माणसाने डब्याच्या झाकणावरून दुसऱ्याची गचांडी धरली. फोर्कलिफ्टवाला गाडी चालू ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसायचा, आणि हाक मारली की दचकून भलत्याच दिशेला निघायचा.

आणि यात सगळ्यात वाईट काय, तर उन्हाने मंद झालेल्या माणसाला आपण मंद झालोय हे कळत नाही. ते कळायलाही तेच डोकं लागतं.

चुका वाढल्या. सकाळी नाही, दुपारीच. मी तसा आलेख काढून पुण्याला पाठवला. पुण्याचे साहेब, म्हणजे आमच्या सगळ्या कारखान्यांच्या क्वालिटीचे प्रमुख, पडद्यावर आले. अंगात जाकीट होतं. बोलता बोलता त्यांनी बाजूला वळून कोणाला तरी सांगितलं, "एसी जरा कमी करा हो, गारठलो." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "ऊन हा मनाचा खेळ असतो. मूळ कारण शोधा."

मूळ कारण शोधायची आमच्याकडे एक पद्धत आहे. चूक झाली की पाच वेळा 'का' विचारायचं. खराब पीस का सुटला? दिसला नाही म्हणून. का दिसला नाही? लक्ष नव्हतं म्हणून. का लक्ष नव्हतं? एकाग्रता कमी पडली म्हणून. का कमी पडली? इथे सगळ्यांच्या नजरा नकळत छपराकडे गेल्या आणि लगेच खाली आल्या. पाचवा 'का' विचारला असता तर छपराला काही लाख खर्च आला असता. म्हणून चौथ्यालाच उत्तर लिहिलं, 'प्रशिक्षणाचा अभाव'. प्रशिक्षण स्वस्त असतं.

मग प्रशिक्षण झालं. अर्थातच एसी खोलीत. सगळ्यांची एकाग्रता तिथे उत्तम होती. शेडमध्ये एक मोठं पोस्टर लागलं, त्यावर बर्फाच्या डोंगरावर डोळे मिटून बसलेला माणूस. शिवाय रोज पाळी सुरू होताना हात पुढे करून शपथ घ्यायची, आधी तमिळमध्ये, मग इंग्रजीत, की मी आज दिवसभर लक्ष देऊन काम करीन. अक्का ती शपथ खणखणीत आवाजात म्हणायची आणि संपली की मला मराठीत विचारायची, "जाहलें? आतां ऊन उतरलें?"

मी पुण्याला पुन्हा लिहिलं, पुन्हा लिहिलं. शेवटी साहेबांच्या मनात दया उपजली आणि त्यांनी कूलर पाठवले.

हे अगदी आपल्या माणसांनाच सुचू शकतं. "संभाजीनगरच्या प्लांटला आपण हेच कूलर बसवलेत," साहेब फोनवर म्हणाले, "पोरं कुडकुडतात." ट्रक भरून पत्र्याचे अजस्र कूलर आले. बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी. पहिला कूलर सुरू झाला आणि ओल्या वाळ्याचा वास आला तेव्हा मला एकदम घर आठवलं. दुपारी झोपलेली सोलापूरची गल्ली आठवली. मी डोळे मिटून त्या वाऱ्यासमोर उभी राहिले आणि तो वारा गार व्हायची वाट बघू लागले.

तो झालाच नाही. कूलर चालतो तो कोरड्या हवेत. हवा पाणी पिते आणि गार होते. चेन्नईची हवा समुद्रावरून आधीच तुडुंब पिऊन आलेली, ती आणखी काय पिणार. पाणी नुसतं हवेत लोंबकळत राहिलं. हे प्लांटच्या साहेबांना माहीत होतं, मेंटेनन्सवाल्यांना माहीत होतं, गेटवरच्या वॉचमनलाही माहीत होतं. पण कूलर मुख्य कचेरीतून आले होते. त्यामुळे सगळ्यांनी मिळून त्यांना गंध-कुंकू लावलं, कोहळा फोडला, फोटो काढून पुण्याला पाठवले आणि खाली लिहिलं, 'कामगार आनंदात'.

शेडचा धोबीघाट झाला. कागद वाकडे होऊ लागले, चष्म्यांवर वाफ धरू लागली. आधी घाम निदान ओघळून जायचा, आता तो आणि कूलरचं पाणी एकत्र नांदू लागले. सगळ्यात मोठा कूलर अक्काच्या टेबलाशेजारी बसवला होता, खास तिच्यासाठी. "पुळुक्कम पुण्याहून आणविलें," ती म्हणाली. एरवी दिवसभर तोंड चालणारी ती, पण त्या आठवड्यात दुपारनंतर तिचा आवाज येईना. मी जवळ गेले तर ती माझ्याकडे बघायची आणि ओळख पटायला क्षणभर जायचा.

मग पिसांवर गंज चढू लागला. तयार मालावर तांबूस ठिपके. मी त्यांचा फोटो पाठवला आणि पुण्याहून पाच मिनिटांत फोन आला. नंतर आणखी एक. दुसऱ्या दिवशी साहेब विमानात होते. माणसं वर्षानुवर्षं आंबत होती तेव्हा पोस्टर आलं, लोखंडाला दोन ठिपके पडले तेव्हा साक्षात साहेब आले. मला त्यांचा इतका संताप आला की विमानतळावर गाडी पाठवायची आठवण मी कोणालाच करून दिली नाही.

ते आले त्याच दिवशी गाडीच्या कंपनीकडून तक्रारही आली. कूलरच्या आठवड्यात गेलेल्या मालात एक पीस असा सापडला होता की त्याच्या एका भोकात आटेच नव्हते. साफ गुळगुळीत भोक. सुदैवाने तो गाडीत बसण्याआधी सापडला. परत आलेला पीस माझ्या टेबलावर होता. तो अक्काच्या हिरव्या ट्रेमधून गेला होता, यात शंका नव्हती. तिमाही संपायला थोडेच दिवस राहिले होते.

चौकशी मीटिंगच्या खोलीत. पुण्याचे साहेब, प्लांटचे साहेब, एचआरचा माणूस आणि मी. अक्काला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून ठेवलं, कारण आधी गंजावर चर्चा व्हायची होती. गंजावर तासभर बोलणं झालं. तोवर अक्का त्या गारव्यात गप्प बसून होती, करड्या कोटावरचे घामाचे डाग हळूहळू वाळत होते. मग तिला पुढे बोलावून तिच्यासमोर पिसांनी भरलेला एक ट्रे ठेवला. त्यात तो परत आलेला पीस मिसळला होता. "तपासा," साहेब इंग्रजीत म्हणाले. अक्काने भराभर एकेक पीस उचलला, फिरवला, ठेवला. खराब पीस हातात आला तेव्हा तिने तो वेगळा काढून सरळ साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

साहेब खुर्चीत मागे रेलले. ते खूश झाले होते. मग ते माझ्याकडे वळून मराठीत बोलू लागले. आपल्या माणसांची ही एक खोड आहे. महाराष्ट्राबाहेर गेलं की मराठी म्हणजे आपल्याच खिशातली किल्ली, बाकी सगळे बहिरे.

"बघितलंत? येतंय की सगळं," साहेब म्हणाले. "म्हणजे जमत नाही असं नाही. बाईचं लक्ष घरी असतं, दुसरं काय. त्या कोटाचं विसरा म्हणावं तिला. पॅकिंगला टाका."

माझं तोंड उघडलं होतं, पण आवाज ट्रेपलीकडून आला.

"लक्ष घरीं नसतें, साहेब," अक्का म्हणाली. "त्या टेबलापाशीं दुपारीं बसल्यावर तें कोठेंच नसतें."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एचआरच्या माणसाला काय घडलं ते कळेना, त्याने फक्त पाण्याची बाटली पुढे सरकवली.

"तुम्ही... तुम्ही मराठी?"

"तीनशें वर्षें," अक्का म्हणाली.

साहेब घाईघाईने बसा म्हणाले, चहा मागवू म्हणाले, तुमची मराठी किती गोड आहे म्हणाले. अक्का उभीच राहिली. पॅकिंगला टाका हे शब्द अजून खोलीत होते, आणि कितीही चहा आला तरी ते जाणार नव्हते. तिची सगळी वर्षं त्या एका वाक्यात गेली होती. मी म्हटलं, "साहेब, मघाची परीक्षा इथे झाली. काम मात्र खाली असतं. हाच ट्रे खाली नेऊ, आणि तुम्हीच तपासून बघा."

एरवी त्यांनी मला झटकून टाकलं असतं. पण ज्या बाईचा तिच्याच भाषेत अपमान केला, ती समोर उभी होती. "चला की," साहेब म्हणाले. "अर्धा तास. त्यात काय एवढं."

जेवण झाल्यावर आम्ही खाली गेलो. साहेब अक्काच्या स्टुलावर बसले, शेजारी त्यांनीच पाठवलेला कूलर. मी त्या ट्रेमधले पीस लाइनवरून येणाऱ्या मालात मिसळले. खराब पिसाच्या पाठीवर खडूचा बारीक ठिपका केला होता, फक्त मला कळावा म्हणून. काय शोधायचंय हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. अक्काला दिवसभर काय-काय शोधावं लागतं, त्या मानाने हा लाडच होता.

सुरुवातीला साहेब व्याख्यान देत होते. बघा, मन शांत ठेवायचं, एका वेळी एकच पीस. थोड्या वेळाने व्याख्यान थांबलं. मग टाय सैल झाला. मग त्यांनी मला विचारलं, चांगल्याचा ट्रे कुठला. हिरवा, मी म्हटलं. जरा वेळाने त्यांनी तेच पुन्हा विचारलं. एचआरचा माणूस उजेडात उभा राहतोय म्हणून ते त्याच्यावर खेकसले. तो बिचारा खांबापलीकडे होता. एक पीस हातात धरून ते बराच वेळ पोस्टरवरच्या बर्फाकडे बघत राहिले. घाम चष्म्याच्या काचेवर ओघळत होता, तो पुसायचंही त्यांना सुचेना.

खडूचा ठिपका त्यांच्या हातात आला. त्यांनी पीस फिरवला. पहिलं भोक बघितलं, दुसरं बघितलं, तिसरं, चौथं. आणि हिरव्या ट्रेमध्ये ठेवला.

साहेबांनी पुढचा पीस उचलला. मी तो खडूवाला पीस काढून त्यांच्यासमोर धरला आणि गुळगुळीत भोकात माझं पेन घालून सरकन आत-बाहेर केलं. साहेब त्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील. आता या माणसाच्या तोंडून खरं बाहेर पडेल, कारण लपवायलासुद्धा डोकं शिल्लक लागतं. अक्काही बघत होती. साहेबांनी मान वर केली. छपराकडे बघितलं, अगदी सरळ छपराकडे. मग नजर जरा खाली आणली, ट्यूबलाइटपर्यंत, आणि म्हणाले, "उजेड कमी आहे."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. प्लांटचे साहेब म्हणाले, खरंच, उजेड. एचआरचा माणूस म्हणाला, उजेड. इतके दिवस अडलेला पाचवा 'का' अखेर सुटला होता, आणि तोही ट्यूबलाइटच्या खर्चात.

मी भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण उजेड कमी असणं ही कंपनीची चूक होती. कंपनीची चूक म्हणजे अक्काची नाही. साहेबांना उन्हापुढे नमायचं नव्हतं आणि स्वतःला मूर्खही ठरवून घ्यायचं नव्हतं, म्हणून त्यांनी खोटं कारण शोधलं, आणि त्या खोट्या कारणाने अक्का सुटली. मला ते गिळावं लागलं.

दिवे आले. प्रखर, पांढरे, ओळीने, अक्काच्या डोक्याच्या बरोबर वर. त्यांचीही धग लागते. गाडीच्या कंपनीला फोटो गेले, ती समाधान पावली. कूलर पुन्हा ट्रकमध्ये चढून संभाजीनगरला गेले, जिथे पोरं कुडकुडतात.

आणि जुलैत अक्काला निळा कोट मिळाला. कँटीनमध्ये टाळ्या झाल्या, म्हैसूरपाक वाटला. कोट कडक टेरीकॉटचा, पूर्ण बाह्यांचा, नियमाप्रमाणे गळ्यापर्यंत बटणं लावायची. करडा जुना कोट धुऊन धुऊन निदान विरला होता, हा वारा लागू देईना. अक्काने तो घातला, आतला खिसा सगळ्यांना उघडून दाखवला आणि संध्याकाळपर्यंत एकही बटण काढलं नाही.

त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा बसमध्ये माझ्या शेजारी बसली, खिडकीशी. मला फार आनंद झाला होता, उगाच काहीबाही बडबडत होते. अक्काने वरच्या झरोक्यातून येणाऱ्या गार वाऱ्याखाली तळहात धरला, मग मनगट, मग मान मागे टाकून डोळे मिटले. गळ्याशी असलेलं बटण काढलं. बराच वेळ ती तशीच निवत राहिली. मला वाटलं झोपली.

तांबरम जवळ आलं तेव्हा तिने डोळे उघडले. "तो पीस, मा," ती म्हणाली.

"कुठला?"

"जो गेला. मज आतां आठवलें." ती समोरच्या सीटकडे बघत सावकाश बोलत होती. "मी पाहिला होता. हातीं घेतला, भोकांत पाहिलें, आटे नाहींत हें दिसलें. 'नाहींत' असें मनांत म्हटलेंही. आणि हिरव्या ट्रेंत ठेविला."

बस पुलावर चढली.

"उजेड पुष्कळ होता," ती म्हणाली.

बस पुलावरून खाली उतरली. अक्काने माझ्याकडे वळून, अगदी साधं काहीतरी विचारावं तसं विचारलं, "हें कोठें सांगतात, मा?"

"कुठेच नाही, अक्का."

"सरि. बरें," ती म्हणाली. आणि उतरायचं होतं म्हणून तिने कोटाचं वरचं बटण पुन्हा लावून घेतलं.